आमच्या घरचं विरजण

शाळेत आम्हाला वाक्प्रचार पाठ करायला लावत. विरजण पडणे, म्हणजे उत्साह मावळणे. वाक्यात उपयोग करा. मी पावसामुळे सहलीच्या आनंदावर विरजण पाडून पूर्ण मार्क मिळवले होते. आता वाटतं, हा वाक्प्रचार ज्यानं केला तो सकाळी लोटाभर दूध पिऊन घराबाहेर पडणारा पुरुष असणार. बाईमाणूस नक्की नव्हे. संध्याकाळी दुधात विरजण पडलं नाही तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी घरात काय काय ऐकावं लागतं, हे बाईला चांगलं ठाऊक असतं.

मला ते लग्नानंतर कळलं. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता आणि मी यवतमाळातून सासरी, पांढरकवड्याच्या पुढं सडक सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावात. जिल्ह्याला कुणी विचारलं नव्हतं, मलाही नाही. दोघंही आपापल्या जागी रुळलो.

गावात विरजणाला इरजन म्हणत. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही दोघी सुना आत्याबाई म्हणायचो, या एका शब्दावर अख्खा संसार चालवायच्या. दह्याचं तर ते इरजन होतंच. पण कोणाची मुलगी फटकळ निघाली की, "तिच्या मायचं इरजनच तसं." विकत घेतलेला बैल मारका निघाला की, "इरजन पाहून घ्या लागते जनावर." सासऱ्यांच्या चुलतभावानं आमच्या शेताचा बांध, म्हणजे धुरा, कोरला तेव्हा त्याच्या सात पिढ्यांच्या इरजनाचा उद्धार झाला, आणि त्यातल्या बऱ्याच पिढ्या आमच्याही होत्या हे कोणाच्या लक्षात आलं नाही. रक्त, कूळ, खानदान हे शब्द पुस्तकात असतात. आमच्या ओसरीवर त्या सगळ्यांचं काम आतल्या खोलीतलं एक काळं गाडगं करायचं.

ते गाडगं शिंक्यावर टांगलेलं असे आणि त्याच खोलीत आत्याबाईंची बाज. गाडग्यातलं विरजण त्यांना त्यांच्या सासूनं दिलेलं, तिला तिच्या सासूनं. कधी मेलं नाही आणि कधी कोणाच्या दारी मागितलं नाही, हा आमच्या घराण्याचा पराक्रम. बाकीच्या गावानं काही कमी पराक्रम केले नव्हते, पण ते विहीर खोदणं वगैरे किरकोळ होते. शेजारीण वाटी घेऊन आली की आत्याबाई दारातच विचारायच्या, आज वार कोणता. मंगळवारी विरजण देत नाहीत, शुक्रवारी देत नाहीत, अमावस्येला देत नाहीत, आणि दिवे लागल्यावर तर कोणत्याच वारी देत नाहीत, घरची लक्ष्मी जाते. उरलेल्या वारी आमची गाय आटलेली असायची. बाई रिकामी वाटी घेऊन परत जायची आणि आत्याबाई आत येऊन म्हणायच्या, "आपलं इरजन काय रस्त्यावर पडलं हाय?"

माझी मोठी जाऊ माझ्या आधी चार-पाच वर्षं या घरात आली होती. ती महागावकडची. अंगानं काटकुळी, हातानं चपळ, आणि बोलायची कमी. भाकरी केवढी थापायची, डोक्यावरचा पदर कोणासमोर किती ओढायचा, सासऱ्यांच्या ताटात मीठ कोणत्या बाजूला वाढायचं, हे सगळं तिनं मला शिकवलं, आणि चुकले की स्वतःच्या अंगावर घेतलं. सख्ख्या बहिणीनं माझ्यासाठी एवढं केलं नसतं. माझा तिच्यावर फार जीव होता.

त्या घरात नव्या सुनेची एक परीक्षा असायची. पहिल्या संध्याकाळी आत्याबाई गाडग्यातून चमच्याचं टोक बुडवून विरजण द्यायच्या, सून ते दुधात लावायची, आणि सकाळी घरातल्या बायका जमून दही पाहायच्या. दही लागलं तर सुनेचा हात चांगला, घर वाढेल. नाही लागलं तर पुढचं ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. मोठी या घरात माघात आली. थंडी अशी की खोबरेल तेल दगड झालेलं, आणि परीक्षेचं गाडगं चुलीपासून लांब त्या आतल्या खोलीत टांगलेलं. सकाळी दूध जसंच्या तसं. मी आले वैशाखात. आमच्याकडच्या वैशाखात अंगणातल्या दगडावर दूध सांडलं तरी दही लागतं. माझं दही असं घट्ट लागलं की आत्याबाईंनी त्यात बोट उभं करून दाखवलं. पुढच्या वर्षी मला मुलगा झाला. मोठीला मूल नव्हतंच. झालं, सिद्धांत पक्का झाला. माघ आणि वैशाख यातला फरक घरातल्या सगळ्यांना कळत होता, बैलांनासुद्धा, पण गाडग्यापुढं ऋतू काय बोलणार?

तेव्हापासून मोठीनं विरजणाला हात लावायचा नाही. ती धार काढायची, दूध तापवायची, गाडगी घासायची, पण विरजण आत्याबाईंनी लावायचं, नाहीतर मी. आणि एका उन्हाळ्यात आत्याबाईंनी ओसरीवर जाहीर केलं की थोरल्या मुलाची दुसरी सोयरीक पाहायची. पहिलीनं माहेरी जायचं. तिच्या भावाला निरोप धाडला की तो बैलांची दमणी जुंपून न्यायला येईल.

एक बायको असताना दुसरी करता येत नाही असा कायदा झाला आहे, हे मी यवतमाळात ऐकलं होतं. पदर ओढून, दाराआडून मी ते सांगितलं. सासरे सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "कायदा असंन. पन पांढरकवड्याच्या पुढं सडक कुठी हाय त्याले याले?" सगळे हसले. माझे थोरले दीर, ज्यांना आमच्याकडं भासरे म्हणतात, तेवढे हसले नाहीत. पण ते बोललेही नाहीत. भासरे सहा फुटांचा माणूस, सरकीचं पोतं एकट्यानं उचलायचे, आणि आईसमोर तोंडातून शब्द उचलत नसत. मला त्यांचा संताप यायचा. मोठीनं मात्र त्या दिवशीही त्यांच्या पानात आधी गरम भाकर टाकून मग आमची वाढली.

पावसाळा सरता सरता हिवतापासाठी फवारेवाले आले. घरोघरच्या भिंतींवर पांढरं औषध मारत होते. आमच्याही ओसरीवर, स्वयंपाकघरात, गोठ्यात मारलं. आतल्या खोलीच्या दारात मात्र आत्याबाई दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"अथी नाही. माहं इरजन हाय अंदर. बाटीन ते."

फवारेवाला म्हणाला, "बाई, गाडगं बाहीर ठेवा घडीभर."

"शिंक्यावरून ते हाललं नाही आजलोक. तुह्यासाठी हालवू?"

त्यानं दाराशेजारी खडूनं काहीतरी लिहिलं आणि तो गेला. मग घरातले, गोठ्यातले, बहुधा शेजारचेही सगळे डास गावात उरलेल्या त्या एकमेव सुरक्षित खोलीत राहायला आले. आत्याबाई तिथंच झोपायच्या. नवरात्र बसायच्या आत त्यांना हुडहुडी भरली, आणि गोधड्यांवर गोधड्या घालूनही बाज खडखड वाजू लागली. तापात त्यांचं एकच चालू होतं, "इरजनाले कोनी हात लावू नका." आम्ही नाही लावला. हुकूमच तसा होता. रोज ताज्या दुधात घालून जे जिवंत ठेवायचं असतं ते गाडगं तिकडं शिंक्यावर तसंच लटकत राहिलं. ताप उतरायला लागला तेव्हा मी आणि मोठीनं झाकण काढलं. आत हिरवी, केसाळ बुरशी, आणि वास असा की मोठीनं नाकाला पदर लावला.

मी हसले. खरं सांगते, मला फार आनंद झाला. मोठी हसली नाही. ती म्हणाली, "आता उठल्यावर ताक-भात मांगतीन त्या. काय देशीन?"

शेजारी मागायची सोय नव्हती. एकतर इतक्या वर्षांत आम्ही कोणाला चमचाभर दिलेलं नव्हतं. शिवाय मागितलं असतं तर आमचं विरजण मेलं ही बातमी विहिरीवर आमच्या आधी पोचली असती. मोठीनं थोडा विचार केला, लोट्यात मूठभर तुरीची डाळ घातली, पदराखाली घेतला आणि वावरातून चालायला लागली. गावाबाहेर टेकडीच्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा होता. त्यांच्या बायका आमच्या वावरात कापूस वेचायला यायच्या. मोठीच्या माहेरी शेजारीच तांडा असल्यानं तिला त्यांची बोली येत होती. तांड्याच्या नायकाच्या म्हाताऱ्या बायकोला ती त्यांच्या पोरांसारखी याडी म्हणायची, म्हणजे आई.

परत आल्यावर तिनं सांगितलं ते असं. याडीनं डाळ ठेवून घेतली, दह्याचं मडकं आणलं, आणि मोठीनं लोटा पुढं केला तर म्हणाली, "खाली ठेव तो. तुही सासू वावरात आमाले ताक देते तं हातभर उंचावरून ओतते. मी बी वरूनच टाकतो." आणि खरंच तिनं उभ्यानं, हात उंच करून, लोट्यात दही टाकलं. थोडं बाहेर सांडलं ते कुत्र्यानं चाटलं. मग दोघीही खूप हसल्या म्हणे. विरजणाला तांड्यावर वेगळा शब्द आहे. मोठीनं तो मला शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला, माझ्या तोंडात तो कधी बसला नाही.

त्या संध्याकाळी मोठीनं स्वतः दुधाला विरजण लावलं. गाडगं चुलीच्या उबेला ठेवलं. सकाळी दही असं लागलं होतं की सुरीनं कापावं. मग रोजच ती लावू लागली, कारण आत्याबाईंच्या अंगात उठून बसायचीही ताकद नव्हती आणि माझा मुलगा मला सोडत नव्हता. आत्याबाईंनी पहिला ताक-भाताचा घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बाकी काई म्हना, आपल्या इरजनाची चव कुठी नाही." सासरेही म्हणाले की दुखणं आल्यापासून दही उलट सुधारलंच. मी तोंडात पदर कोंबून गोठ्यात पळाले.

मोठीनं ते आपणहून सांगितलं नाही, मीही नाही. तिला वाटत होतं, दही तिच्या हातानं लागतंय हे घरातल्यांना दिसतंच आहे, आता सोयरिकीचं बोलणं आपोआप बंद पडेल. डोळ्यांनी दिसलेलं माणसं मानतात असा तिचा समज होता.

दिवाळी झाल्यावर मुकुटबनकडून एका मुलीचे मामा बोलणी करायला आले. मिशा अशा की घास आधी त्यांना दाखवून मग तोंडात जायचा. ओसरीवर पाट मांडले. मामा, सासरे आणि भासरे ओळीनं बसले. आत्याबाई खांबाला टेकून बसल्या, मोठी वाढत होती. जी येणार तिच्या मामाला जी जाणार तिनं वाढायचं, हे कोणाला वावगं वाटलं नाही. मी दारात मुलाला घेऊन उभी होते.

मामांनी दही खाल्लं, पुन्हा मागितलं, पुन्हा मागितलं. मिशा पांढऱ्या झाल्या. म्हणाले, "असं दही मी जिंदगीत खाल्लं नाही."

"इरजन हाय ना आमचं," आत्याबाई म्हणाल्या. "सात पिढ्यांचं."

मग मामांनी बोटं चाटत मुद्द्याचं विचारलं, "पयलीत खोट काय हाय पन? उद्या आमच्या पोरीले सवत म्हनून नांदा नाही लागलं पाहिजे."

"ते जाते माहेरी. तिचा हातच तसा हाय जी. आल्या दिवसापासून तिच्या हाताले दही लागत नाही."

मोठी तेव्हा मामांच्याच पानासमोर वाकली होती, एका हातात गाडगं, एका हातात पळी. ती सरळ उभी राहिली. पदर जरासा मागं सरकला, तो तिनं सरकू दिला.

"मामाजी," ती म्हणाली, "आनखी वाढू का? नवरात्रापासून मीच लावून राह्यली हे दही."

आत्याबाई म्हणाल्या, "लावत असशीन. इरजन तं माहं हाय."

"तुमचं इरजन मेलं, आत्याबाई. तुमी तापात होत्या तवा. बुरशी आली होती, धाकलीनंबी पाह्यली. हे तांड्यावरचं हाय."

आत्याबाईंची मोठी पंचाईत झाली. दही घरच्या विरजणाचं म्हणावं तर ते मोठीच्या हातानं लागलं होतं. मोठीचा हात वाईट म्हणावा तर घरचं विरजण मेलेलं कबूल करून, तांड्याचं दही महिनाभर मिटक्या मारत खाल्लं हे पाहुण्यासमोर गिळावं लागत होतं. मामांची पंचाईत त्याहून मोठी. बाटलो म्हणून ओरडावं तर तीन वाट्या त्यांच्याच पोटात गेलेल्या. त्यांनी मिशा पुसल्या, घाईनं आचवले आणि म्हणाले की बैलांना पाणी दाखवायचं आहे. बैलांना आमच्या गड्यानं नुकतंच पाजलं होतं, पण कोणी तसं म्हटलं नाही.

भासरे मात्र पानावरून उठले नव्हते. त्यांनी वाटी पुढं सरकवली.

"वाढ," ते म्हणाले.

मोठीनं वाढलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्याच वेळी. भासऱ्यांनी मान खाली घालून सगळी वाटी संपवली, आणि त्यांच्यावरचा माझा राग निम्मा तरी उतरला. बाकीचा अजून आहे.

मामा गेले. आत्याबाईंनी मोठीला सांगितलं, "तुह्या भावाले निरोप धाडला म्हनून समज." आणि घरातलं एकूण एक गाडगं फोडलं. पितळेची भांडी राखेनं घासली, त्यावर गोमूत्र शिंपडलं, सासऱ्यांवरही शिंपडलं. मोठीनं आपली पत्र्याची पेटी भरली आणि अंगणात पायरीजवळ आणून ठेवली. भाऊ आला की उचलायची. भासरे त्या पेटीला वळसा घालून वावरात जायचे, वळसा घालून परत यायचे. मी मोठीला म्हटलं, आत ठेव ती, दंव पडतं. ती म्हणाली, "राहू दे. दिसली पाह्यजे."

घरात दही नव्हतं आणि गाय दूध द्यायची थांबत नव्हती. खीर झाली, बासुंदी झाली, पुन्हा खीर झाली. सासरे पान बाजूला सारून म्हणाले, "मी काय बाळंतीन हाओ? रोज खीर कायले?" आत्याबाईंनी दुधात चिंच टाकून पाहिली, ते फाटलं. हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून पाहिले. काहीतरी लागलं, पण सासरे एक घास घेऊन ठसकले ते ओसरीवरून थेट विहिरीवर गेले. शेवटी आत्याबाईंनी वाटी माझ्या हातात दिली आणि शेजारणीकडं पाठवलं. नवस बोलावा तशा आवाजात म्हणाल्या, "हळूच मांग."

शेजारणीनं मला बसायला पाट दिला, मुलाला गूळ दिला. मग गोड आवाजात म्हणाली, "अवं, दिवे लागले ना आता. तुह्या सासूनंच शिकवलं मले."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आत्याबाई अंगणात आल्या. मोठी पायरीवर, पेटीशेजारी, तूर निवडत बसली होती. आत्याबाईंच्या हातात लोटा होता, आणि त्यात मूठभर डाळ. तो त्यांनी मोठीपुढं धरला. मग टेकडीकडं पाहत म्हणाल्या, "जाऊन ये."

"कुठी?"

"जथून आनलं होतं तथून."

मोठीनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "मी कायले जाऊ? मी तं माहेरी चालली. जे येनार हाय तिले धाडजा."

"कोनी येत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "माहेरी कोन धाडून राह्यलं तुले? ऊठ. दिवे लागायच्या आत जा. मंग तेही देत नसतीन."

मोठीनं लोट्याकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही.

"आधी पेटी अंदर ठेवा," ती म्हणाली.

मी मुलाला खाली ठेवलं. पेटीची एक कडी मी धरली. दुसरीकडं कोणी येईना. शेवटी आत्याबाईंनी लोटा पायरीवर ठेवला, वाकल्या आणि दुसरी कडी धरली. पेटी जड होती, दुखण्यातून उठलेली म्हातारी धापा टाकत होती, तरी मोठी निवडत बसली ती आम्ही उंबरा ओलांडेपर्यंत. मग तिनं सूप खाली ठेवलं आणि लोटा उचलला. दिवे लागायला अजून वेळ होता.